हिटलरच्या विमानातून फिरलेला ब्रिटिश पत्रकार, ज्याने पुढे हिटलरच्याच सैनिकांना खोट्या रेडिओवरून गंडवलं

मे १९४१. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. फ्रान्स पडला होता, बराचसा युरोप हिटलरच्या ताब्यात गेला होता. ब्रिटनवर बॉम्ब पडत होते. अशात २३ मे रोजी जर्मनीत शॉर्टवेव्ह रेडिओवर एक अनोळखी आवाज ऐकू यायला लागला.

बोलणारा माणूस अस्सल बर्लिनचा वाटत होता. बोलायची ढब जुन्या प्रशियन लष्करी अधिकाऱ्याची, भाषा एकदम छावणीतली, आणि तोंडात शिव्यांचा पट्टा. तो स्वतःला डेर शेफ म्हणवून घ्यायचा. डेर शेफ म्हणजे आपल्या भाषेत बॉस.

या बॉसने सुरुवातीलाच चर्चिलला यथेच्छ शिव्या घातल्या. त्यामुळे हा ब्रिटिशांचा माणूस असेल अशी शंका यायचं कारणच नव्हतं. पण चर्चिलला झोडपून झालं की तो नाझी पक्षाच्या पुढाऱ्यांवर घसरायचा. तिकडे पोरं आघाडीवर मरतायत आणि इकडे हे पक्षवाले मजा मारतायत, असा त्याचा एकूण सूर असायचा.

ऐकणाऱ्यांना वाटलं, लष्करातलाच कुणीतरी मोठा अधिकारी लपूनछपून बोलतोय. अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती आणि तिचा बर्लिनमध्ये दूतावास होता. त्या दूतावासातल्या लोकांनीही हे स्टेशन म्हणजे जर्मन लष्करातल्या असंतोषाचा पुरावा समजून वॉशिंग्टनला कळवलं.

प्रत्यक्षात हा सगळा माल तयार होत होता इंग्लंडमध्ये, लंडनच्या उत्तरेला बेडफर्डशायरमधल्या एका घरात. आणि त्यामागचं डोकं होतं एका पत्रकाराचं. त्याचं नाव सेफ्टन डेल्मर.

आज आपण फेक न्यूज, डीपफेक, आयटी सेल असे शब्द रोज ऐकतो. या सगळ्याच्या कितीतरी आधी डेल्मरने खोट्या बातम्यांचं अख्खं शास्त्र बनवलं होतं, आणि तेही हिटलरच्या विरोधात. पण हे शास्त्र पुढे त्याच्यावरच कसं उलटलं, ती गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

बर्लिनच्या शाळेतला एकटा इंग्रज पोरगा

सेफ्टन डेल्मरचा जन्म २४ मे १९०४ चा, बर्लिनमधला. वडील फ्रेडरिक डेल्मर मूळचे ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचे. ते बर्लिन विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे. घरी कागदोपत्री ब्रिटिश नागरिकत्व, पण पोरगा वाढला तो जर्मन भाषेत. पाच वर्षांचा होईपर्यंत तो फक्त जर्मनच बोलायचा. पुढे चांगला पस्तिशीचा झाला तरी त्याच्या इंग्रजीला थोडा जर्मन वास यायचा.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि घराची सगळी घडी विस्कटली. काल शेजारी असलेले डेल्मर एका रात्रीत शत्रू देशाचे नागरिक ठरले. वडिलांना पकडून बर्लिनजवळच्या रूलेबेन इथल्या छावणीत ठेवलं. मुळात तो घोड्यांच्या शर्यतींचा ट्रॅक होता, तिथे ब्रिटिश नागरिकांना कोंडलं होतं.

दहा वर्षांचा सेफ्टन मात्र जर्मन शाळेतच जात राहिला. वर्गात इंग्रज असा तो एकटाच. जर्मन सैन्य जिंकलं की शाळेत गाणी व्हायची, जल्लोष व्हायचा. वडील छावणीत आणि पोरगा त्या जल्लोषात. गर्दीत उभं राहिलं की माणूस कसा वाहवत जातो, शत्रूची गाणीसुद्धा कशी अंगात भिनतात, हे त्याने या वयात स्वतःच्या अंगावर अनुभवलं.

१९१७ मध्ये या कुटुंबाला इंग्लंडला जाऊ दिलं. तिथे सेंट पॉल्स शाळेत आणि मग ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात त्याचं शिक्षण झालं. पण तिकडे गेल्यावर तो जर्मन वाटायला लागला. जर्मनीत इंग्रज आणि इंग्लंडमध्ये जर्मन, असं त्याचं आयुष्यभर होत राहिलं. पुढे त्याने जे काही केलं, त्याचं भांडवल हेच होतं. जर्मन माणूस कशावर हसतो, कशावर चिडतो, कुणाला मनातल्या मनात शिव्या घालतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

हिटलर विमानात वेगळा, विमानाबाहेर वेगळा

१९२८ मध्ये डेल्मर डेली एक्सप्रेस या ब्रिटिश वर्तमानपत्राचा बर्लिनमधला प्रतिनिधी झाला. लॉर्ड बीव्हरब्रुक हे या पेपरचे मालक. डेल्मर गडी धिप्पाड, खाण्यापिण्याचा शौकीन आणि ओळखी काढण्यात पटाईत. नाझी पक्ष तेव्हा नुकता जोर धरत होता. त्या पक्षाच्या खाकी शर्टवाल्या सेनेचा प्रमुख एर्न्स्ट र्‍योम याच्याशी त्याने दोस्ती केली आणि त्याच्यामार्फत थेट हिटलरपर्यंत पोहोचला. हिटलरची मुलाखत घेणारा पहिला ब्रिटिश पत्रकार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

१९३२ च्या निवडणुकीत हिटलरने एक नवीन प्रकार केला. तो विमानाने प्रचार करत फिरला. एका दिवसात तीन-चार शहरं, प्रत्येक ठिकाणी हजारोंची सभा. त्या विमानात डेल्मरही होता.

तिथे त्याने एक गोष्ट टिपली. विमान हवेत असताना हिटलर एका सीटवर गप्प बसून असायचा. खिडकीबाहेर बघणारा, थकलेला, कुठल्याही कंपनीचा फिरता विक्रेता वाटावा असा माणूस. पण विमान उतरून दरवाजा उघडायची वेळ आली की तोच माणूस ताठ व्हायचा, डोळ्यांत चमक यायची आणि बाहेर पाऊल टाकताना लोकांना हवा असलेला हिटलर तयार झालेला असायचा. हे सगळं नाटक आहे, आणि नाटक करणाऱ्याइतकंच ते बघणाऱ्यालाही हवं असतं, ही डेल्मरने तिथून उचललेली खूणगाठ.

२७ फेब्रुवारी १९३३. हिटलर चॅन्सेलर होऊन महिनाही झाला नव्हता आणि बर्लिनमधल्या संसदेच्या इमारतीला आग लागली. डेल्मर धावत तिथे पोहोचला. थोड्या वेळात हिटलर आणि गोबेल्स आले, आणि हा पठ्ठ्या त्यांच्या मागोमाग जळत्या इमारतीत शिरला. आग नेमकी कुणी लावली हे शोधायच्या आतच हिटलरने दोष कम्युनिस्टांवर टाकलेला त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला आणि जर्मन नागरिकांचे मूलभूत हक्क गुंडाळले गेले.

इतक्या जवळून वावरल्यामुळे त्याच्याविषयी संशयही तितकाच होता. काही ब्रिटिशांना वाटायचं हा नाझींच्या खिशात आहे, तर नाझींना वाटायचं हा ब्रिटिश गुप्तहेर आहे. त्याच वर्षी पेपरने त्याला पॅरिसला हलवलं. पुढे त्याने स्पेनचं यादवी युद्ध माद्रिदमधून कव्हर केलं, तिथे लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेशी त्याचं चांगलं जमलं. १९३९ मध्ये पोलंड आणि १९४० मध्ये फ्रान्स, दोन्ही देश कोसळताना त्याने बघितले आणि शेवटी तो लंडनला परतला.

परवानगी न घेता हिटलरला दिलेलं उत्तर

१९ जुलै १९४० ला हिटलरने बर्लिनमध्ये भाषण केलं. सूर असा की, ब्रिटनने आता शहाणपणाने वागावं, युद्ध चालू ठेवायचं काही कारण उरलेलं नाही. म्हणजे गोड भाषेत शरण या, असं सांगितलं.

योगायोग बघा, त्याच संध्याकाळी डेल्मर बीबीसीच्या जर्मन सेवेवर बोलणार होता. हिटलरचं भाषण संपल्यावर तासाभरात त्याने माईकसमोर बसून अस्खलित जर्मनमध्ये, अतिशय अपमानास्पद शब्दांत तो प्रस्ताव हिटलरच्या तोंडावर फेकून मारला.

आता यात गोम अशी की, ब्रिटिश सरकारने अजून काहीच ठरवलेलं नव्हतं. डेल्मरने कुणालाही विचारलं नव्हतं. पण उत्तर इतक्या झटपट आलं म्हणजे ते सरकारचंच असणार, असं बर्लिनमध्ये धरलं गेलं. इकडे ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाला की या पत्रकाराला हा अधिकार दिला कुणी? पुढे तीन दिवसांनी परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांनी अधिकृतपणे नकार कळवला.

नाझींनी ब्रिटन जिंकल्यावर कुणाकुणाला पकडायचं याची एक यादी बनवली होती. त्या यादीत डेल्मरचं नाव होतं.

खोटं बोलायचं, पण जर्मन होऊन

युद्धातला प्रचार दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे उघड. बीबीसी जर्मन भाषेत बातम्या द्यायची, ती लंडनहून बोलते हे सगळ्यांना माहीत असायचं. याला पांढरा प्रचार म्हणायचे. दुसरा काळा प्रचार. यात बोलणारा स्वतःची ओळखच लपवतो. बोलतो ब्रिटिश, पण ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यातलाच कुणी बोलतोय. ब्रिटिशांचा हा विभाग पुढे पॉलिटिकल वॉरफेअर एक्झिक्युटिव्ह या गुप्त खात्याखाली आला, आणि जर्मनीसाठीच्या काळ्या प्रचाराची सूत्रं डेल्मरच्या हातात आली.

तोपर्यंत जर्मनांना उपदेश करण्यावर भर होता. हिटलर वाईट आहे, लोकशाही चांगली आहे, उठाव करा वगैरे. डेल्मरचं म्हणणं होतं की हे ऐकणारे लोक आधीच हिटलरच्या विरोधात आहेत. त्यांना सांगून उपयोग काय? पकडायचा आहे तो साधा जर्मन माणूस, जो हिटलरला मानतो. त्याच्या आत एक स्वार्थी प्राणी दडलेला असतो. त्याला स्वतःचा जीव, स्वतःचं पोट, स्वतःचं घर सांभाळायचं असतं. त्या प्राण्याला देशभक्तीचं निमित्त मिळवून दिलं की तो आपोआप हुकूम टाळायला लागेल.

यातूनच डेर शेफ जन्माला आला. स्टेशनचं नाव होतं गुस्ताव झीगफ्रीड आइन्स. जर्मन बिनतारी संदेशांच्या भाषेत त्याची आद्याक्षरं होतात जीएस. याचा अर्थ जनरल स्टाफ, सिक्रेट सेंडर की आणखी काही, हे डेल्मरने मुद्दाम सांगितलंच नाही. ऐकणाऱ्याने डोकं लढवावं आणि स्वतःच खात्री करून घ्यावी.

बॉसचा आवाज होता पेटर झेकेलमान याचा. तो जर्मनीतून पळून आलेला निर्वासित लेखक. डेल्मरच्या टीममध्ये अशीच माणसं होती. जर्मन निर्वासित, त्यातले कित्येक ज्यू, आणि पुढे पुढे तर नाझींवर चिडलेले जर्मन युद्धकैदीसुद्धा. ज्यांची घरंदारं हिटलरने उद्ध्वस्त केली होती, ती माणसं माईकसमोर कट्टर जर्मन लष्करी अधिकारी बनून ज्यूंना आणि चर्चिलला शिव्या घालत होती.

१९४१ चा हिवाळा आला. रशियात जर्मन सैनिक थंडीने गोठत होते. त्यावेळी बॉस सांगायचा की पक्षाच्या पदाधिकाऱ्यांच्या बायका कपड्यांचा साठा करून ठेवतायत. जखमी सैनिकांना रोगट रक्त चढवलं जातंय. अमुक पुढारी तमुक ठिकाणी रंगेल पार्ट्या करतोय. नावं, गावं, रस्ते, सगळं तपशीलवार. हे तपशील यायचे कुठून? जर्मनीतल्या छोट्या गावांची वर्तमानपत्रं तटस्थ देशांमधून मागवली जायची. त्यातल्या लग्नाच्या, मृत्यूच्या, दुकानांच्या जाहिराती कापून त्यांचं कार्ड बनायचं. युद्धकैद्यांच्या खोल्यांमध्ये लपवलेल्या माईकमधून त्यांच्या गप्पा ऐकल्या जायच्या. पकडलेली पत्रं वाचली जायची. म्हणजे गावाचं नाव खरं, दुकान खरं, माणूस खरा. खोटी असायची ती फक्त मधली एक काडी.

या अश्लील गोष्टी १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या कानावर गेल्या. हो, तेच क्रिप्स, जे त्याच वर्षी क्रिप्स मिशन घेऊन भारतात आले होते. एका जर्मन अ‍ॅडमिरलच्या पार्टीचं वर्णन वाचून ते भयंकर संतापले. युद्ध जिंकायला असलं काही करावं लागणार असेल तर हरलेलं बरं, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. पण खात्याने डेल्मरला पाठीशी घातलं आणि कार्यक्रम चालू राहिला.

१९४३ मध्ये डेल्मरने बॉसचा खेळ संपवायचं ठरवलं. शेवटच्या कार्यक्रमात बॉस बोलत असताना गेस्टापोने धाड टाकली, गोळ्यांचा आवाज आला आणि बॉस शहीद झाला. नाटक उत्तम वठलं होतं. फक्त एक घोळ झाला. हे कार्यक्रम आधी रेकॉर्ड करून मग प्रसारित व्हायचे. ट्रान्समीटरवरच्या इंजिनिअरला जर्मन येत नव्हतं. त्याने सवयीप्रमाणे तो कार्यक्रम पुन्हा लावला आणि बॉस दुसऱ्यांदा मारला गेला.

गाणी, फुटबॉल आणि मधेच एक विषारी बातमी

तोपर्यंत डेल्मरच्या हातात बॉसपेक्षा मोठं हत्यार आलं होतं. इंग्लंडच्या दक्षिणेला क्रोबरोजवळ ब्रिटिशांनी अमेरिकेतून आणलेला ६०० किलोवॅटचा अजस्र ट्रान्समीटर बसवला होता. त्याचं गुप्त नाव होतं अ‍ॅस्पिडिस्ट्रा. हे इंग्लंडमध्ये घरोघरी कुंडीत लावलं जाणारं एक झाड.

मार्च १९४३ मध्ये जर्मन पाणबुड्यांवरच्या खलाशांसाठी आटलांटिक नावाचं शॉर्टवेव्ह स्टेशन सुरू झालं. ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर विभागाने यासाठी माहिती पुरवली. त्याच विभागात तेव्हा इयान फ्लेमिंग काम करत होता, जो पुढे जेम्स बाँडच्या कादंबऱ्या लिहून जगप्रसिद्ध झाला. मग त्याच वर्षाच्या अखेरीस सैनिकांसाठी सोल्डाटेनझेंडर कॅले, म्हणजे कॅले शहरातलं सैनिकांचं रेडिओ स्टेशन, सुरू झालं. कॅले फ्रान्समध्ये, जर्मनांच्या ताब्यात. स्टेशन मात्र इंग्लंडमधल्या मिल्टन ब्रायन या खेड्यात.

इथे शिव्या नव्हत्या. इथे जर्मनीत बंदी असलेलं भन्नाट जाझ संगीत होतं. फुटबॉलचे निकाल होते. हिटलरची भाषणंसुद्धा थेट लावली जायची. जर्मनीच्या अधिकृत वृत्तसंस्थेचं बातम्या पकडणारं एक यंत्र युद्धाच्या सुरुवातीला लंडनमध्ये मागे राहिलं होतं. त्यावरून गोबेल्सच्या खात्याच्या बातम्या डेल्मरला जर्मन संपादकांच्या बरोबरीने मिळायच्या. अमुक पाणबुडीवरच्या तमुक खलाशाला मुलगा झाला म्हणून अभिनंदनही व्हायचं, आणि ते बहुतेक वेळा खरं असायचं.

आणि या सगळ्या खऱ्याच्या मधे हळूच एखादी पुडी सोडली जायची.

एक नमुना बघा. बॉम्बहल्ल्यांमुळे जर्मन शहरांमधली मुलं दूरच्या छावण्यांत हलवली होती. स्टेशनने बातमी दिली की या छावण्यांमधल्या डॉक्टरांचं वरिष्ठांनी अभिनंदन केलं आहे, कारण घटसर्पाने होणारे मुलांचे मृत्यू त्यांनी आठवड्याला सरासरी ६० वर आणले आहेत. बातमी कौतुकाची. पण आघाडीवर बंदूक घेऊन बसलेल्या बापाच्या काळजात काय झालं असेल याचा विचार करा. बातमी साफ खोटी होती.

याच्या जोडीला छापील मालही होता. आजारपणाचं सोंग कसं आणायचं याची चिमुकली पुस्तिका काढली होती, वेष्टन मात्र दुसऱ्याच पुस्तकाचं. ही पुस्तिका इतकी उपयुक्त होती की जर्मनांनी तिचं इंग्रजी भाषांतर करून ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांवरच टाकलं. एप्रिल १९४४ पासून अमेरिकी विमानं सैनिकांसाठीचं एक दैनिकही टाकायला लागली. त्याच्या रोज लाखो प्रती निघायच्या. याच वर्षी मिल्टन ब्रायनला म्युरिएल स्पार्क नावाची तरुण मुलगी डेल्मरच्या हाताखाली रुजू झाली. ती पुढे नामवंत कादंबरीकार झाली.

याचा परिणाम होत होता का? नोव्हेंबर १९४३ मध्ये खुद्द गोबेल्सने आपल्या डायरीत या कॅले स्टेशनबद्दल काळजी नोंदवली. पकडलेले कित्येक जर्मन सैनिक आपण हे स्टेशन ऐकायचो असं सांगायचे. त्यातल्या अनेकांना हे ब्रिटिशांचं असावं अशी शंकाही होती. तरी ऐकायचे, कारण गाणी चांगली होती आणि पकडलंच तर आम्हाला वाटलं आपलंच स्टेशन आहे, असं म्हणायची सोय होती. डेल्मरला हेच तर हवं होतं.

१९४५ मध्ये तर त्याने कळस केला. बॉम्बहल्ल्याच्या वेळी जर्मन स्टेशन बंद व्हायची. त्याच क्षणी त्याच लहरीवर अ‍ॅस्पिडिस्ट्रा सुरू व्हायचा आणि हुबेहूब जर्मन निवेदकाच्या आवाजात लोकांना घरं सोडून निघायचे खोटे हुकूम द्यायचा. रस्ते माणसांनी भरून जावेत आणि जर्मन सैन्याची वाट अडावी हा त्यामागचा हेतू.

जिथे खोटेपणा जास्त झाला

हिटलरला हरवायचं होतं, त्यामुळे हे सगळं माफ, असं वाटू शकतं. पण डेल्मरने अशाही गोष्टी केल्या ज्या वाचून आजही पोटात कालवतं.

जर्मन लष्करी इस्पितळांतून मृत सैनिकांच्या घरी कळवण्यासाठी जे संदेश जायचे ते ब्रिटिश पकडायचे. त्यात नाव, पत्ता, सगळं असायचं. डेल्मरची माणसं त्या पत्त्यावर नर्सच्या किंवा दोस्ताच्या नावाने हाताने लिहिलेलं पत्र पाठवायची. तुमच्या मुलाची मौल्यवान वस्तू तुमच्या गावच्या पक्षप्रमुखाकडे पाठवली आहे, असं त्यात असायचं. वस्तू नसायचीच. पण आईबापांना वाटायचं की पक्षवाल्याने मेलेल्या पोराची शेवटची आठवणसुद्धा ढापली. काही पत्रांत तर मुलगा जखमांनी नाही, डॉक्टरने मुद्दाम दिलेल्या इंजेक्शनने गेला असं लिहिलेलं असायचं.

ज्यांचं पोर गेलं, त्यांच्या दुःखाचा असा वापर. युद्धानंतर डेल्मरने हे सगळं स्वतःच पुस्तकात लिहून ठेवलं. त्याने ते लपवलं नाही, हे खरं. पण त्या आईबापांपर्यंत खरी गोष्ट पोहोचवायला कुणी गेलं नाही, हेही तितकंच खरं.

आणि डाव उलटला

एप्रिल १९४५ मध्ये हे स्टेशन निरोप न घेता गप्प झालं. डेल्मरने आपल्या टीमला सांगितलं की बाहेर कुठे फुशारक्या मारू नका. त्यामागे कारण होतं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी आमच्या प्रचाराने जर्मनी हरली अशी शेखी मिरवली होती. मग जर्मन म्हणायला लागले की आमचं सैन्य हरलंच नाही, आम्हाला फसवलं गेलं. याच कथेवर हिटलर मोठा झाला. ती चूक पुन्हा नको, असं त्याला वाटत होतं.

पण याच गप्प बसण्यातून दुसरी चूक घडली.

आठवा, बॉसची सगळी गोष्ट कशावर उभी होती? लष्कर वेगळं आणि नाझी पक्ष वेगळा. लष्कर सच्चं, देशभक्त, आतून पक्षाचा तिरस्कार करणारं. २० जुलै १९४४ ला काही अधिकाऱ्यांनी हिटलरला बॉम्बने उडवायचा खरोखरच प्रयत्न केला, तो फसला. तेव्हाही डेल्मरच्या स्टेशनने हा कट प्रत्यक्षात होता त्यापेक्षा कितीतरी मोठा असल्याचं भासवलं. नाझींचा आपल्याच अधिकाऱ्यांवरचा विश्वास उडावा म्हणून.

युद्ध संपलं आणि जर्मन लष्करातले माजी अधिकारी अगदी हेच सांगायला लागले. आम्ही फक्त सैनिक होतो, अत्याचार पक्षवाल्यांनी केले, आमचा आतून विरोधच होता. वास्तवात पूर्व आघाडीवरच्या कत्तलींमध्ये जर्मन लष्कराचा हात होता, हे इतिहासकारांनी पुढे कागदपत्रांनिशी दाखवून दिलं. पण पहिली कित्येक वर्षं निष्कलंक लष्कराची ही कथा बिनबोभाट चालली. डेल्मरला कळून चुकलं की आपण शत्रूत फूट पाडण्यासाठी जे खोटं रचलं, तेच आता गुन्हेगारांना पांघरूण म्हणून उपयोगी पडतंय. बॉस नावाचा अधिकारी कधी अस्तित्वात नव्हता, हे सांगणार कोण? सगळेच तर गुप्ततेने बांधलेले.

डेल्मर पुन्हा डेली एक्सप्रेसमध्ये गेला आणि जगभर फिरून बातम्या देत राहिला. ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीत सोव्हिएत सत्तेविरुद्ध उठाव झाला, त्या पहिल्या दिवशी तो बुडापेस्टमध्ये होता. १९५४ मध्ये त्याने पश्चिम जर्मनीत जुने नाझी पुन्हा खुर्च्यांवर बसतायत, असं सांगणारी लेखमाला लिहिली. तिकडे ते कुणाला आवडलं नाही.

त्याच वर्षी आणखी एक धक्का बसला. ओटो जॉन हा २० जुलैच्या कटातून निसटून ब्रिटनला आलेला माणूस. तो डेल्मरच्या स्टेशनवर काम करायचा. पुढे तो पश्चिम जर्मनीच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचा प्रमुख झाला. हा ओटो जॉन जुलै १९५४ मध्ये अचानक कम्युनिस्ट पूर्व बर्लिनमध्ये दिसला. परत आल्यावर तो आपलं अपहरण झाल्याचं सांगत राहिला, पण न्यायालयाने त्याला देशद्रोहासाठी शिक्षा केली. डेल्मरच्या टीममधल्या माणसांकडे आधीच गद्दार म्हणून बघणाऱ्यांना यामुळे आयतंच कोलीत मिळालं.

१९५९ मध्ये बीव्हरब्रुक यांनी खर्चाच्या कारणावरून डेल्मरला नोकरीवरून काढलं. मग त्याने आत्मचरित्र लिहायला घेतलं. पहिला भाग ट्रेल सिनिस्टर १९६१ मध्ये आला. दुसऱ्या भागात युद्धातल्या काळ्या प्रचाराची सगळी कुंडली त्याने मांडली. १९६२ मध्ये आलेल्या या पुस्तकाचं नाव त्याने ठेवलं ब्लॅक बूमरँग. बूमरँग म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं फेकायचं हत्यार, ज्याचा एक प्रकार फेकणाऱ्याकडे परत येतो. ऑस्ट्रेलियन बापाच्या पोराने स्वतःच्या कर्तबगारीला दिलेलं हे नाव होतं.

४ सप्टेंबर १९७९ ला इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात लामार्श इथे डेल्मरचं निधन झालं. नंतर बरीच वर्षं लोक त्याला विसरून गेले. सोशल मीडियाच्या काळात खोट्या बातम्यांचा प्रश्न पेटला तेव्हा अभ्यासकांना तो पुन्हा आठवला. २०२४ मध्ये पीटर पोमेरांत्सेव्ह यांचं त्याच्यावरचं पुस्तक आलं.

डेल्मरच्या कामातून खोट्या बातम्या ओळखायच्या साध्या खुणा मिळतात. खोटी बातमी क्वचितच पूर्ण खोटी असते, तिच्यात आपल्या ओळखीचं गाव आणि ओळखीचं दुकान असतं. ती परक्याच्या आवाजात येत नाही, आपल्यातलाच कुणीतरी बोलतोय असं वाटतं. आणि ती आपल्याला जे आधीच वाटत असतं, ज्याची भीती असते, नेमकं तेच सांगते. फॅमिली ग्रुपवर पुढचा मेसेज येईल तेव्हा या तीन गोष्टी तपासून बघायला हरकत नाही.

चौथी गोष्ट पाठवणाऱ्यासाठी आहे. आपली बाजू खरी आहे, मग थोडं खोटं चालतं, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी. डेल्मरची बाजू खरोखरच बरोबर होती. समोर हिटलर होता. तरीही त्याने सोडलेलं खोटं युद्धाबरोबर संपलं नाही. ते कुणाच्या कामी येणार, हे शेवटी त्याच्या हातात राहिलं नाही.